बर्न-इनचा धोका कुणाच्या खात्यावर?

22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला आणि ओएलईडी या महागड्या पडद्याच्या टीव्हीचा वाद शोरूममधून थेट घराघरांत शिरला. नागपूरच्या सीताबर्डी, धरमपेठेतल्या दुकानांत जो टीव्ही माणसं नुसता बघून परत यायची, तो आता हप्त्याच्या हिशेबात बसू लागला आहे. वाद मात्र दोन वाक्यांपलीकडे जायला तयार नाही. एक पक्ष म्हणतो, त्याच्या पडद्यावर कायमचे डाग पडतात, म्हणजेच बर्न-इन होतं, पैसे पाण्यात. दुसरा म्हणतो, ते जुन्या पॅनलचं होतं, आता तसलं काही राहिलं नाही. पहिल्याने कुणाच्या तरी मेव्हण्याचा टीव्ही पाहिलेला असतो, दुसऱ्याने कुठला तरी व्हिडिओ. डाग पडतो की नाही यावर एवढी डोकेफोड चालते. पडला तर भरून कोण देणार, हे विचारायचं मात्र राहून जातं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ओएलईडीचं पॅनल झिजतं आणि ते झिजणं त्याच्या रसायनातच आहे. झिजणारी वस्तू विकण्यात गैर काहीच नाही. पण ती कशी वापरली तर किती तास टिकेल हे सांगायचं नाही आणि झिजेची सगळी जोखीम वॉरंटीच्या बारीक अक्षरांतल्या एका ओळीने गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालायची, हे गैर आहे. ज्या घरात एकच टीव्ही आहे आणि तो सकाळच्या बातम्यांपासून रात्रीच्या मालिकांपर्यंत चालतो, अशा नागपूरच्या घराने ती ओळ बदलेपर्यंत ओएलईडी घेऊ नये. ज्याला संध्याकाळी दिवे मालवून दोन तास सिनेमा बघायचा आहे त्याने खुशाल घ्यावा. त्याच्याशी माझं भांडण नाही.

साध्या एलईडी टीव्हीत मागे दिवे असतात आणि पुढचा एलसीडी पडदा त्यांचा उजेड अडवतो किंवा सोडतो. ओएलईडीत मागे दिवाच नाही. प्रत्येक ठिपका सेंद्रिय रसायनाच्या अतिशय पातळ थरांचा बनलेला असतो आणि विजेने स्वतःच उजळतो. ईस्टमन कोडॅकमध्ये चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी 1987 मध्ये हे व्यवहारात आणता येईल असं करून दाखवलं. ठिपका विझला की काळा खरोखर काळा, ही सगळी जादू इथूनच येते, आणि दुखणंही इथूनच. जो ठिपका जास्त जळतो तो लवकर मंदावतो. निळा तर सगळ्यांत नाजूक, कारण निळ्या प्रकाशाला ऊर्जा जास्त लागते आणि टिकाऊ निळं रसायन शोधण्यात संशोधकांची कित्येक वर्षं गेली. पडद्याच्या एका कोपऱ्यात वाहिनीचं बोधचिन्ह रोज तासन् तास तसंच राहिलं, तर तिथले ठिपके शेजाऱ्यांपेक्षा आधी थकतात. मग वाहिनी बदलली तरी त्या जागी फिकट सावली दिसत राहते. बर्न-इन म्हणतात ते हेच. पडद्याला बाहेरून काही चिकटलेलं नसतं, तिथलं आयुष्यच खर्च झालेलं असतं, त्यामुळे पुसून जाण्याचा प्रश्नच येत नाही.

समोरच्या बाजूचे मुद्दे कमकुवत नाहीत. चित्राचं बघा. अंधाऱ्या खोलीत रात्रीचं दृश्य चालू असताना साध्या टीव्हीवर चंद्राभोवती दुधाळ वलय येतं, काळे केस आणि काळा कोट एकमेकांत मिसळून जातात. ओएलईडीवर केसाची बट कोटावर वेगळी दिसते. हा फरक कल्पनेतला नाही, शेजारी शेजारी ठेवले तर आजीलाही कळतो. आणि एलईडीवाले अमर आहेत असंही नाही. त्यांच्या मागच्या पट्ट्यांतला एखादा दिवा जातो आणि अर्धा पडदा काळवंडतो. माँट्रियलच्या आर्टिंग्स या चाचणी संस्थेने 2022 च्या अखेरीस शंभर टीव्ही एकदम चालवायला घेतले, तेव्हा कडेला दिवे असलेल्या सडपातळ एलईडी टीव्हींची उष्णतेने झालेली दुर्दशा हा त्यातला मोठा निष्कर्ष ठरला. म्हणजे बर्न-इनला घाबरून स्वस्तातला चपटा एलईडी आणणारा माणूस आगीतून निघून फुफाट्यात पडू शकतो.

तंत्रही पुढे गेलं आहे. सोनीने 2007 मध्ये पहिला ओएलईडी टीव्ही बाजारात आणला तेव्हा तो अकरा इंचांचा होता आणि जपानात त्याची किंमत दोन लाख येन होती. त्यानंतर पांढऱ्या प्रकाशाचे थर आले, 2022 मध्ये क्वांटम डॉटवाले पॅनल आले, थरांवर थर रचून प्रत्येकावरचा भार कमी करण्याची युक्ती आली. एका कंपनीने तर निळ्या रसायनातल्या साध्या हायड्रोजनच्या जागी पाण्यातून काढलेला जड हायड्रोजन वापरला. जुन्या पॅनलवरचे अनुभव नव्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत, हे मान्य.

पण झीज मुळात कशावर ठरते? त्याच आर्टिंग्सने 2018 मध्ये सहा ओएलईडी टीव्ही दिवसाला वीस तास चालवले होते. एकावर व्हिडिओ गेम, एकावर फुटबॉल, दोनांवर सीएनएन ही अमेरिकी वृत्तवाहिनी, असं वेगवेगळं. सतत बदलणाऱ्या चित्राचा गेम ज्यावर चालला तो जवळजवळ स्वच्छ राहिला. बातम्यांच्या टीव्हीवर ठसा उमटला, आणि ब्राइटनेस पूर्ण ठेवलेल्यावर तो आधी उमटला. या चाचणीचा दाखला दोन्ही बाजू देतात आणि दोघंही आपल्या सोयीचा अर्धा भाग उचलतात. तिचा अर्थ मला तरी सरळ दिसतो: टीव्ही कोणता यापेक्षा त्यावर काय आणि किती उजेडात चालतं, यावर सगळं अवलंबून.

मग आपल्या हॉलमध्ये काय चालतं? मराठी बातम्यांची कोणतीही वाहिनी लावा. वर कोपऱ्यात बोधचिन्ह, त्याखाली वेळ, खाली लाल पट्टी, तिच्याखाली पिवळी, निकालाच्या दिवशी उजवीकडे जागांचा तक्ता. निवेदकाला जेमतेम निम्मा पडदा मिळतो, बाकीचं फर्निचर दिवसभर जागचं हलत नाही. त्यात आजोबांना वाहिनी बदललेली चालत नाही. आयपीएल येते ती ऐन उन्हाळ्यात आणि तिची धावसंख्येची पट्टी सामनाभर एकाच जागी. सीएनएनचं एक लाल बोधचिन्ह जिथे ठसा उमटवून गेलं, तिथे आपल्या वाहिन्यांचा हा सगळा संसार काय करेल?

आता ऊन. टीव्हीसोबत येणारी पुस्तिका सहसा कुणी वाचत नाही, पण तिच्या शेवटच्या पानांवर वापराचं तापमान दिलेलं असतं. बहुतेक मोठ्या कंपन्या शून्य ते 40 अंश लिहितात. नागपुरात 23 मे 2013 ला 47.9 अंशांची नोंद झाली. 2024 च्या मे अखेरीस एका स्वयंचलित केंद्राने तर 56 अंश दाखवले होते. सेन्सर बिघडला होता असा खुलासा हवामान खात्याने केला, पण तोवर 'आपलं नागपूर जगात पहिलं' म्हणून मिरवून झालं होतं. वरच्या मजल्यावर स्लॅबखालच्या खोलीत, कूलरची टाकी रिकामी असताना मे महिन्यात दुपारी चारला किती तापमान असतं, हे नागपूरकराला सांगायला नको. सेंद्रिय थर उष्णतेने लवकर झिजतात, हे पॅनल बनवणाऱ्यांनाच सर्वांत चांगलं माहीत आहे. महागड्या मॉडेलांत पॅनलमागे उष्णता वाहून नेणारा पत्रा ते उगाच बसवत नाहीत. त्यातून दिवसाच्या उजेडात ओएलईडी फिका वाटतो म्हणून आपण ब्राइटनेस शेवटच्या टोकाला नेतो, शोरूमवाल्याने ठेवलेला भडक मोडही तसाच राहू देतो. तापमान, उजेड आणि हलत नसलेली पट्टी, तिन्ही एकाच दुपारी एकाच पडद्यावर.

एक सवय अशी आहे की तिच्याबद्दल शोरूममध्ये कुणी बोलताना मी ऐकलं नाही. रात्री झोपताना आपण भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करतो. बिल वाचावं म्हणून, विजा कडाडतात म्हणून, आणि आईने लहानपणापासून तेच शिकवलं म्हणून. ओएलईडी टीव्ही मात्र खरी डागडुजी रिमोटने बंद केल्यानंतर करतो. एकूण चार तासांच्या आसपास चालून झाला की तो स्टँडबायमध्ये असताना ठिपक्यांची तपासणी करून प्रत्येकाला पुरवायचा विद्युतप्रवाह जुळवून घेतो. हजारो तासांनी होणारी मोठी दुरुस्ती तासभर चालते. या काळात भिंतीतून वीज मिळाली पाहिजे. रिमोट दाबला आणि पाठोपाठ बटण खटकन बंद केलं की ती दुरुस्ती होतच नाही, वर्षानुवर्षं होत नाही. 'आता बर्न-इन होत नाही' या दाव्याचा निम्मा भार ज्या यंत्रणेवर आहे, तीच आपण रोज रात्री बंद करतो. माँट्रियलच्या प्रयोगशाळेत आई नसते.

यावर कुणी म्हणेल, म्हणजे नागपूरकरांनी नवं काही घेऊच नये का? उलट, नवं कसं घ्यावं याचा धडा आपल्याच गावात आहे. जमशेदजी टाटांनी 1 जानेवारी 1877 ला इथे एम्प्रेस मिल सुरू केली. पुढे रिंग स्पिंडल नावाची सूत कातण्याची नवी रीत आली तेव्हा लँकेशायरच्या जुन्या जाणत्यांना ती पसंत नव्हती. टाटांनी त्यांचा नकार प्रमाण मानला नाही आणि विकणाऱ्याचा शब्दही नाही. आधी थोडी यंत्रं बसवली, आपल्या कापसावर, आपल्या कोरड्या हवेत चालवून पाहिली, आणि मग गिरणी त्यांच्याकडे वळवली. आज त्या जागेवर मॉल उभा आहे. कारखानदाराला जी चाचणी घेता येते ती एकाच टीव्हीच्या गिऱ्हाइकाला घेता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने ती कुणीतरी घ्यायला हवी, निदान तिचा निकाल खोक्यावर छापायला हवा.

पैशांचं गणित मांडून बघू. धरा, 55 इंचांचा बरा एलईडी 45 हजारांना आणि ओएलईडी सव्वा लाखाला मिळतो. दोन्ही आठ वर्षं चालले तर पहिला वर्षाला साडेपाच हजारांच्या थोडा वर पडतो, दुसरा साडेपंधरा हजारांच्या वर. दहा हजारांच्या फरकात चांगलं चित्र मिळतं, आणि ज्याला परवडतं त्याने ते का घेऊ नये? पण पाचव्या वर्षी ठसा उमटला तर ओएलईडीचं वर्ष पंचवीस हजारांना पडतं. पॅनल बदलायचं म्हटलं तर त्याचा खर्च नव्या टीव्हीच्या किमतीच्या जवळ जातो, त्यामुळे दुरुस्ती हा पर्याय नावापुरता. एलईडीची पट्टी गेली तर गल्लीतला मेकॅनिक ती काही हजारांत बदलून देतो. हप्त्यांनी घेणाऱ्याने तर आणखी जपून राहावं. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही, असं रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं. व्याज कुठे ना कुठे दडलेलं असतंच. दिवाळीनंतर स्वस्तात निघणारा डिस्प्ले पीस तर डोळे मिटून नाकारावा. तो दिवसाचे दहा-बारा तास पूर्ण ब्राइटनेसवर जळलेला असतो. घ्यायचाच असेल तर दुकानातले दिवे घालवून पडद्यावर एकसारखा करडा रंग आणायला लावा. जो ठसा रंगीबेरंगी डेमोत लपतो तो करड्यावर उघडा पडतो.

'मोबाइलमध्ये ओएलईडी चालतो, मग टीव्हीत का नको?' हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त ऐकू येतो. मोबाइलचा पडदा अर्ध्या मिनिटात आपोआप विझतो, आपण तो तीन-चार वर्षांत बदलतो आणि त्यावर आठ तास सलग एकच वाहिनी कुणी बघत नाही. तरीही या तुलनेत एक गोष्ट माझ्या बाजूची निघते. 2023 च्या सुमारास भारतात अनेकांच्या फोनवर अचानक उभी हिरवी रेघ यायला लागली. तक्रारींचा पाऊस पडल्यावर काही कंपन्यांनी पडदे फुकट बदलून दिले आणि एकीने तर त्या दोषापुरती पडद्याला आयुष्यभराची हमी दिली. आधी 'तुमच्या हातून पडला असेल' म्हणणारेच नंतर बदलून देऊ लागले. रेघ तीच होती, रसायन तेच होतं. जोखीम कुणाची, याचं उत्तर तेवढं बदललं.

टीव्हीचं ते उत्तर मात्र अजून वॉरंटी कार्डात दडून बसलं आहे. शोरूममध्ये पडदे ओढलेल्या खोलीत काळ्या पार्श्वभूमीवर रंगांचे फवारे उडत असतात, त्यात एकाही वाहिनीचं चिन्ह नसतं, आणि विक्रेता सांगतो, "टेन्शन नका घेऊ भाऊ, नव्या पॅनलमध्ये तसं काही होत नाही." त्याला म्हणून बघा, तेवढंच बिलावर लिहून दे. लगेच मॅनेजरला बोलवायला जातो. त्याचा दोष नाही, त्याला लिहून द्यायचा अधिकारच नाही. कार्डावर सहसा छापलेलं असतं की एकच चित्र फार वेळ राहिल्याने झालेलं नुकसान हमीत येत नाही. म्हणजे तोंडी सांगतात की असं होत नाही आणि छापील सांगतात की झालं तर तुमचं तुम्ही बघा.

कायदा यात अगदीच दुबळा नाही. 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला त्यासाठी फी नाही. पण कंपनी कार्ड पुढे करते आणि झीज म्हणजे दोष नव्हे असं म्हणते. तांत्रिक अर्थाने तिचं म्हणणं चूकही नाही. त्याच कायद्यात अन्याय्य कराराची व्याख्या आहे, पण कार्डावरची ओळच अन्याय्य आहे अशी तक्रार राज्य आयोगात न्यावी लागते. आयोगाचं खंडपीठ नागपुरात आहे, तेवढी मुंबईची खेप वाचते. तरी सव्वा लाखाच्या टीव्हीसाठी वकील लावून तारखा करणारा नागपूरकर मला तरी दाखवा. म्हणून हा प्रश्न एकेकट्याच्या तक्रारीवर सोडून चालणार नाही, नियम हवा.

तो नियम फार अवघडही नाही. एलईडी बल्बच्या खोक्यावर तो किती हजार तास चालेल ते छापलेलं असतं. स्वस्तात एलईडी बल्ब देणारी सरकारची उजाला योजना 5 जानेवारी 2015 ला सुरू झाली, तीत बल्ब बदलून देण्याची तीन वर्षांची हमी होती, आणि सरकारी खरेदीत 2014 मध्ये 310 रुपयांना पडणारा बल्ब 2016 पर्यंत 38 रुपयांवर आला. हमी दिल्याने बल्ब महागला नाही. मग टीव्हीच्या खोक्यावर ठरावीक उजेडात, 40 अंश तापमानात, बातम्यांच्या वाहिनीसारखं स्थिर चित्र किती तास चाललं की पडदा असमान होतो, एवढा एक आकडा छापायला काय हरकत आहे? फ्रीज आणि एसीवर ताऱ्यांचं लेबल लावायला लावणारी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोसारखी यंत्रणा आपल्याकडे आहेच.

कंपन्या म्हणतील, बर्न-इन हमीत घेतलं तर किंमत वाढेल. पण आपला तोंडी दावा त्यांनी इथे जरा आठवावा. डाग पडतच नसतील तर हमीचा खर्च शून्य आहे. खर्च मोठा असेल तर डाग पडतात आणि त्यांना ते ठाऊक आहे. शिवाय हा अंदाजाचा प्रश्नही राहिलेला नाही. 2022 पासून काही कंपन्यांनी कॉम्प्युटरच्या ओएलईडी मॉनिटरवर तीन वर्षांची हमी द्यायला सुरुवात केली आणि तीत बर्न-इन स्पष्टपणे धरलं. मॉनिटरवर तर टास्कबार आणि आयकॉन दिवसभर एकाच जागी असतात, म्हणजे त्याची झीज बातम्यांच्या वाहिनीपेक्षाही वाईट. पॅनल मात्र टीव्हीचं असो की मॉनिटरचं, बहुतांश कोरियातल्या त्याच दोन कारखानदारांकडून येतं. जास्त धोक्याच्या वापराला जी हमी परवडते, ती हॉलमधल्या टीव्हीला का परवडू नये?